घरात वयस्क माणसे असतील तर दुरुस्ती करताना या चुका टाळा

गोव्यात घराची दुरुस्ती निघते ती चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली की, नाहीतर आखातातला मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आला की. दोन्ही वेळा घाईच, आणि ती निस्तरायची घरात बारा महिने राहणाऱ्या आई-बाबांनी.

चिऱ्याच्या भिंतीत गिट्टी ठोकून आधाराची दांडी बसवणे

ही सगळ्यात धोकादायक चूक. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र आणि आतून भुसभुशीत असतो. टाइलमधून भोक पाडायचे, प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकायची, दोन स्क्रू पिळायचे की अर्ध्या तासात काम संपले. पहिले काही दिवस दांडी घट्ट वाटते, कारण आजी तिला नुसता हात लावतात. मग एखाद्या सकाळी कमोडवरून उठताना तोल जातो, सगळा भार दांडीवर येतो आणि दांडी गिट्टीसकट बाहेर येते. खुबा मोडला की बऱ्याच वयस्कांचे स्वतःच्या पायांनी बल्कांवापर्यंत (दारापुढच्या बसायच्या सोप्यापर्यंत) येणे तिथेच थांबते.

भिंतीची मागची बाजू मोकळी असेल तर १२ मिमीचा बोल्ट आरपार घालून मागे १०० × १०० मिमीची स्टीलची पट्टी द्यावी. ते जमत नसेल तर जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात भरून बोल्ट पक्का धरणारे रसायन) वापरा. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने घासून पूर्ण काढा, नाहीतर रसायन दगडाला नाही, धुळीला चिकटते. चोवीस तास दांडीला हात लावू नका. नंतर घरातल्या धडधाकट माणसाने तिच्यावर सगळा भार टाकून बघायचा. ही परीक्षा झाल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नयेत. दांडीची जाडी ३२ ते ३८ मिमी असावी, म्हणजे मुठीत नीट बसते. रबरी चकती चिकटवायच्या दांड्या विकत घेऊच नका.

ओल्या भिंतीवर चवथीचा रंग

जून ते ऑगस्ट भिंत पाणी पिते. तिच्यावर ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ रंग चढवला की ओल आत कोंडते, दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात आणि कपाटामागे बुरशी धरते. दम्याच्या माणसाला तिथेच झोपवले तर खोकला हटत नाही, औषधे मात्र बदलत राहतात. आधी पाणी कुठून येते ते शोधा: पागोळ्यांचे शिंतोडे, जोत्याला टेकलेली माती, फुटलेले कौल. माती काढा, पन्हळ लावा, पाणी घरापासून दूर न्या. सिमेंटचा गिलावा खरवडून हिवाळाभर भिंत वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करून मार्च-एप्रिलमध्ये चुना लावा. "इतके थांबायला वेळ कोणाला?" असे विचारणाऱ्यांना दर वर्षी नवा रंग लावावा लागतो. तोवर खाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

बाकीच्या

न्हाणीघरात गुळगुळीत टाइल नको. खडबडीत, लहान आकाराची घ्या. तिथला दरवाजा बाहेर उघडावा. आत माणूस पडले तर आत उघडणारा दरवाजा त्याच्या अंगालाच अडतो. कडीही बाहेरून काढता येईल अशी.

कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंमी उंच हवी.

सैल पायपुसणे आजच काढा.

बल्कांवाला काच लावून खोली करू नका. रस्त्याने जाणाऱ्याशी दोन शब्द बोलणे हीच कित्येकांची दिवसभरातली सोबत असते.

पायऱ्यांवरचे शेवाळ पावसाआधी आणि चवथीआधी ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासा. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.