लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या आधी हिंज आणि सर्व्हिस सेंटर बघा

लॅपटॉप घ्यायचाय म्हटलं की सगळी चर्चा आय-फाइव्ह की रायझन, रॅम किती, एसएसडी किती यावरच होते. ते बघायचंच, पण दोन वर्षांनी माणूस वैतागतो तो बहुतेकदा हिंज (झाकण बॉडीला जोडणारी बिजागरी) तुटला, पार्ट येत नाहीये, सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात आहे या असल्या कारणांनी. म्हणून मॉडेल ठरवायच्या आधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा आणि थेट त्या सेंटरला फोन लावा. या मॉडेलची स्क्रीन किंवा मदरबोर्ड मागवला तर साधारण किती दिवसांत येतो, एवढंच विचारा. तिथला माणूस नीट बोलतो की उडवून लावतो यावरूनही बरंच कळतं.

वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन हे बॉक्सवर नाही तर साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. कॅरी-इन म्हणजे लॅपटॉप आपणच सेंटरला न्यायचा, ऑनसाइट म्हणजे इंजिनियर घरी येतो, पण मुंबई-पुण्यात येतो म्हणजे उदगीर किंवा चिपळूणला येईलच असं नाही, ते वेगळं विचारून घ्या. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा १ वर्षाचीच असते, लॅपटॉपची ३ वर्षांची असली तरी. चहा सांडला, हातातून पडला, तर साध्या वॉरंटीत काहीच मिळत नाही, त्यासाठी ॲक्सिडेंटल डॅमेज कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि कॉलेजला रोज नेणाऱ्या मुलांसाठी मी तरी ते घ्याच म्हणेन. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र कंपनीचीच घ्या. दुकानदार किंवा शॉपिंग साइट जी देते ती बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीची असते आणि क्लेमच्या वेळी कंपनीचं सेंटर तुम्हाला तिकडे पाठवतं.

आता बिल्ड, म्हणजे बांधणीचा मजबूतपणा. ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा दुकानात जाऊन डेमो पीस हाताळा. कीबोर्डच्या मध्यभागी दाबून बघा, खाली दबतोय का. झाकण हळूच पिळून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिंज, कारण स्वस्त मॉडेलमध्ये हिंज धातूचा असतो पण त्याचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटमध्ये जातात, हिंज कडक झाला की प्रत्येक उघडझाकीचा ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि एक दिवस ते तडकतं. झाकण उघडताना कोपऱ्याजवळची बॉडी उचकटल्यासारखी वाटली तर ते मॉडेल सोडा. घेतल्यावर पण कोपऱ्याला धरून नाही, मधोमध धरून उघडायची सवय लावा.

‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलंय म्हणून भुलू नका. मिल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकन लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे, तिचं सर्टिफिकेट देणारी सरकारी संस्था नाही, कुठल्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते.

अजून एक काम करा, हे फारसं कोणी करत नाही. लेनोवो, डेल, एचपी बऱ्याच मॉडेल्सचं सर्व्हिस मॅन्युअल साइटवर फुकट देतात, ते उघडून कीबोर्ड कसा बदलतात ते बघा. काही मॉडेल्समध्ये तो वरच्या कव्हरला कायमचा जोडलेला असतो, म्हणजे एक बटण गेलं तरी अख्खं कव्हर बदलायचं. रॅम सोल्डर केलेली (मदरबोर्डवर कायमची जोडलेली) आहे का, चार्जिंग पोर्ट मदरबोर्डवरच आहे का हेही तिथेच कळतं. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून नव्या मॉडेल्सना डेल प्रो म्हणतात), एचपीची एलिटबुक या ऑफिसवाल्या सिरीज त्याच पैशात थोड्या कमी ताकदीच्या मिळतात, पण दुरुस्तीला सोप्या असतात म्हणून मला त्याच पटतात.

लॅपटॉप आल्यावर जीएसटी बिल जपून ठेवा आणि सिरियल नंबर साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. तारीख बिलाच्या आधीची दिसली तर लगेच बिल पाठवून दुरुस्त करून घ्या, वर्षभराने कोणी ऐकत नाही.

रिपेअरला देताना आधी बॅकअप, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क लॉक) रिकव्हरी की लिहून ठेवा, चारही बाजूंचे फोटो काढा आणि जॉबशीटवर (सेंटर देतं ती पावती) तक्रार नीट लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. टाळाटाळ झाली तर फोनवर भांडण्यापेक्षा ईमेल करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील करायलाच हवा असंही नाही.