नाव न देता तक्रार करताना मी केलेली चूक

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागात पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर असताना रॅगिंगची निनावी तक्रार केली आणि दोन दिवसांत पकडलो गेलो. नाव कुठेच नव्हतं, पण मजकुरात लिहिलं होतं, ‘मंगळवारी पहाटे तीनला प्लास्टर रूममध्ये सिनियरने मारलं.’ त्या रात्री ड्यूटीवर ज्युनियर मी एकटाच! रोस्टर बघितलं की संपलं.

रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. नाव सांगायची सक्ती नाही. मात्र तुमचा निरोप कॉलेजप्रमुखांकडेही जातो, हे लक्षात ठेवूनच बोला.

म्हणून ज्या घटनेला तीन-चार जण हजर होते, तीच निवडा. तारीख आणि वॉर्ड द्या, नाहीतर चौकशी पुढे सरकत नाही. पण ‘मला’ऐवजी ‘पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना’ असं लिहा. सलग किती तास ड्यूटी, जेवायला सोडलं की नाही, शिव्या कोणत्या, तेही शब्दशः. सभ्य करून लिहू नका.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट जोडताना आधी बघा, तो मेसेज ग्रुपवर आला होता की फक्त तुम्हाला? फाइलच्या माहितीत लॅपटॉपवरचं तुमचं नाव राहू शकतं, तेही काढा. हॉस्पिटलचा वायफाय नको. रुग्णाच्या केसपेपरचा फोटो तर अजिबात नको, उलट तुम्हीच अडकाल.

तक्रार क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवा. आणि रूममेटला सांगू नका, कितीही जिवलग असला तरी. माझा होता.