केनियात उन्हाळी मिशन ट्रिपला जाताय? या चुका टाळा

मे-जूनच्या सुट्टीत सहा-आठ आठवडे केनियात सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम बहुतेक वेळा तिथे पोचल्यावर बिघडत नाही. ते इथेच बिघडतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये. कार्यक्रम पुण्यात किंवा अहिल्यानगरात बसून ठरतो आणि तिथल्या मंडळीला (म्हणजे चर्चला) नुसता कळवला जातो. तिथले पाळक पाहुण्यांना सहसा नाही म्हणत नाहीत, त्यामुळे अडचण विमानातून उतरल्यावरच दिसते. खाली दिलेल्या बऱ्याच चुकांचं मूळ हेच आहे: यजमानांना वेळेवर विचारलं नाही.

आपलं कॅलेंडर तिकडे लावणं

आपला उन्हाळा म्हणजे तिकडचा उन्हाळा नव्हे. मार्च ते मे हा केनियात मोठ्या पावसाचा काळ असतो आणि जून-जुलै थंडीचे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. जुलैत तिथे रात्री पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो आणि मंडळीच्या वसतिगृहात हीटर असेलच असं नाही. एक जाड स्वेटर, एक रेनकोट, चिखलात चालतील असे बंद बूट आणि झोपायला मोजे एवढं हवंच. किसुमू किंवा मोंबासा या उष्ण शहरांत जाणाऱ्यांनी मात्र सुती कपडेच जास्त न्यावेत.

त्याहून महागात पडते ती शाळेची चूक. केनियात शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. सुट्ट्या एप्रिलमध्ये, ऑगस्टमध्ये आणि वर्षाच्या शेवटी असतात. जूनमध्ये सकाळी १० वाजता व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) ठेवलं की समोर फक्त बालवाडीच्या वयाची मुलं बसतात, कारण बाकीची वर्गात असतात. तुम्ही पाचवी ते आठवीसाठी केलेली नाटुकली, वचनांचे खेळ, चित्रपत्रिका सगळं तसंच बॅगेत राहतं. उपाय सोपा आहे. मुलांचे कार्यक्रम शनिवारी, रविवारी उपासनेनंतर किंवा शाळा सुटल्यावर ठेवा. शाळांमध्ये आठवड्यातून एकदा पाळकीय शिक्षणाचा तास असतो, त्याला तिथे ‘पीपीआय’ म्हणतात. तो यजमान मंडळीचे शिक्षक घेत असतील तर त्यांच्या हाताखाली उभे राहा. तुमचा स्वतंत्र कार्यक्रम तिथे लावू नका.

इकडच्या तारखाही सांभाळायच्या आहेत. विद्यापीठाची परीक्षा आठवडाभर पुढे गेली की स्वस्तातलं न बदलणारं तिकीट वाया जातं. अंतिम वेळापत्रक लागेपर्यंत थांबा, नाहीतर तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. बारावी झालेल्यांच्या प्रवेशाची धावपळ नेमकी जूनमध्ये असते. मूळ कागदपत्रं आई-वडिलांकडे द्या. प्रवेशाच्या अर्जावर जो मोबाईल नंबर आहे त्यावरच ओटीपी येतो, म्हणून एकतर ते सिम घरी ठेवा किंवा निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून एकदा तपासून घ्या. नैरोबीत पोचल्यावर ते सुरू करण्याच्या भानगडीत पडू नका.

घड्याळ चुकवणं

हा घोळ जवळजवळ प्रत्येक टीमचा होतो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे ‘सा मोजा’, म्हणजे शब्दशः एक वाजला. ‘सा तातू’ म्हणजे शब्दशः तीन, पण घड्याळात असतात ९. मंडळीतल्या कुणी मावशींनी ‘उद्या सा तातू’ म्हटलं आणि तुम्ही स्वाहिलीचे आकडे नुकतेच शिकला असाल, तर तुम्ही दुपारी ३ ला पोचता आणि त्या सकाळी ९ पासून चहा करून बसलेल्या असतात. गणित असं: ऐकलेल्या आकड्यात ६ मिळवा. शिवाय सकाळ (आसुबुही) की रात्र (उसिकू) हे विचारा आणि शेवटी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून खात्री करून घ्या. इंग्रजीत बोलताना केनियन लोक आपल्यासारखीच वेळ सांगतात, त्यामुळे कोणत्या भाषेत वेळ सांगितली हेही लक्षात ठेवायला हवं.

पर्यटक म्हणून जाऊन काम करणं

जानेवारी २०२४ पासून केनियात जाण्यासाठी आधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) घ्यावा लागतो. फॉर्ममध्ये भेटीचं कारण विचारतात आणि ‘पर्यटन लिहा, सगळे तेच लिहितात’ असा सल्ला टीममधूनच येतो. हा सल्ला मानू नका. सुवार्तेच्या कामाची सुरुवात खोट्या माहितीने करू नये ही एक गोष्ट. दुसरी अशी की, विमानतळावर अधिकाऱ्याने वेगवेगळं उभं करून विचारलं तर दहा जणांची दहा उत्तरं निघतात. नुसती भेट, सहभागिता आणि उपासना असेल तर तसंच लिहा, यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र जोडा. शिकवणं, दवाखान्यात काम करणं, बांधकाम असं काही ठरलं असेल तर स्पेशल पास (थोड्या मुदतीच्या कामाची परवानगी) लागेल का हे यजमान संस्थेला तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात विचारायला सांगा. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी दीर्घ मुदतीचा ‘क्लास आय’ परवाना वेगळा असतो. यजमान संस्थेची नोंदणी असल्याशिवाय यातलं काही होत नाही, म्हणून ही चौकशी निघण्याच्या तीन महिने आधी सुरू करा. १८ वर्षांखालील कुणी असेल तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

एक गोष्ट जाता जाता. व्हिसा लागत नाही आणि खर्च कमी, म्हणून काही तरुण संघ केनियाऐवजी नेपाळ निवडतात. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेच्या कलम २६ ने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढलं जातं. तुम्ही परत येता, पण खटल्याचं ओझं तिथल्या छोट्या मंडळीवर राहतं. तिथे जायचं असेल तर तिथले पाळक सांगतील तेवढंच करायचं, पत्रकं वाटायची नाहीत.

लस ‘मागत नाहीत’ म्हणून न घेणं

भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागत नाही. म्हणून ते राहून जातं. ते मागतो भारत, परतताना. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात आणि तिथून सुटका होईपर्यंत कॉलेज सुरू झालेलं असतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि नोंदणी करून तारीख घ्यावी लागते. प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी वैध होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. त्यावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून जुळवून बघा. अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

मलेरियाचं उलटं आहे. नैरोबी शहरात धोका कमी, पण व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आणि समुद्रकिनाऱ्यावर तो खूप आहे. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे घ्यायची असते. बहुतेक जण इथेच चुकतात. घरी आलो, आता कशाला, म्हणून गोळ्या बंद करतात. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. या गोळीमुळे कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. औषध भिनवलेली मच्छरदाणी आणि डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम हवंच. गोळ्या चालू आहेत म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही.

जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट पाण्याच्या ग्लासात विरघळवणारे बरेच असतात. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच टाकायचं. कमी पाण्यात क्षारांचं प्रमाण वाढतं आणि त्रास वाढतो. एक लिटरची खूण असलेली बाटली टीमच्या औषधपेटीतच ठेवा.

बॅग भरताना

केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपण लाडू, चिवडा, ओले टॉवेल, चपला सगळं पिशव्यांत कोंबतो. त्याऐवजी कापडी पिशव्या आणि डबे वापरा. प्लगसाठी चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर लागेल, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. जुने कपडे गोळा करून नेऊ नका. नैरोबीच्या गिकोंबा बाजारात वापरलेल्या कपड्यांचे ढीगच्या ढीग विकायला असतात. त्याच वजनात स्वाहिली बायबल किंवा खडू-वह्या नेण्यापेक्षाही, त्या तिथल्याच दुकानातून घेतल्या तर पैसा तिथल्या दुकानदाराला मिळतो.

स्वाहिली ‘लागत नाही’ असं धरून चालणं

इंग्रजीवर काम भागतं, पण मंडळीशी नातं जुळत नाही. आपल्याकडेच बघा: १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते. त्यांनी इथली भाषा इतकी आत्मसात केली की १६१६ मध्ये छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. सहा आठवड्यांत तेवढं होणार नाही, पण पन्नास शब्द पाठ होतील. थोरांना ‘शिकामू’ म्हणा, ते ‘माराहाबा’ म्हणतील. मंडळीत उभे राहिलात की आधी ‘ब्वाना आसिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो. लोक ‘आमेन’ म्हणाले की मग बोला. चपाती, चाय, बाजिया, गारी, दुका हे शब्द ओळखीचे वाटतील, कारण त्यातले बरेच आपल्याच लोकांबरोबर तिकडे गेले. तुम्हाला कुणी ‘मुहिंदी’ म्हणेल. त्याचा अर्थ भारतीय एवढाच आहे, राग मानू नका. मात्र त्यासोबत ‘हा दुकानदार, हा पैसेवाला’ अशी समजूत असते, ती लक्षात ठेवून वागा.

दुभाष्याबरोबर बोलताना वेळ अर्धी होते. पाळकांनी ३० मिनिटं दिली तर तुमचा संदेश १४-१५ मिनिटांचाच हवा. एका वेळी एक छोटं वाक्य बोला आणि थांबा. अर्धं वाक्य तोडून थांबलात तर दुभाष्याला क्रियापदच मिळत नाही. म्हणी, शब्दांचे खेळ, क्रिकेटचे दाखले काढून टाका. वचनांचे संदर्भ आदल्या रात्री लिहून द्या: मथायो, मार्को, लूका, योहाना ही नावं पटकन कळतात, पण स्तोत्रसंहितेला तिथे ‘झाबुरी’ म्हणतात.

अनाथाश्रमात दोन आठवडे

यावर आमचं मत ठाम आहे: जाऊ नका. महिन्यामहिन्याला नवी ताई, नवा दादा येतो, कडेवर घेतो, रडत निरोप घेतो आणि निघून जातो. लहान मुलाला पुन्हापुन्हा तुटण्याचीच सवय लागते. केनिया सरकारचं २०२२ ते २०३२ चं धोरणच मुलांना संस्थांतून काढून कुटुंबात परत नेण्याचं आहे. मुलांसाठी काही करायचं असेल तर मंडळीतल्या कुटुंबांबरोबर करा. मुलाबरोबर एकट्याने खोलीत थांबायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नको, आणि फोटोसोबत नाव-गाव तर मुळीच नको.

नर्सिंग-मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी इथे जे परवान्याशिवाय करता येत नाही ते तिथेही करायचं नाही. टाके घालणं, इंजेक्शन देणं, औषध लिहून देणं यांचं ‘तेवढाच अनुभव’ असं समर्थन होत नाही. रक्तदाब मोजून नोंद ठेवणं, रांग लावणं, हात धुण्याचं प्रात्यक्षिक ही कामं भरपूर असतात.

पैसे हातात देणं

दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी शाळेच्या फीचा कागद दाखवेल. गरज खरी असू शकते. तरी खिशातून परस्पर देऊ नका, कारण उद्या तुम्ही नसता आणि शेजारच्या घराला ‘त्यांना का, आम्हाला का नाही’ याचं उत्तर पाळकांना द्यावं लागतं. ‘मी पाळकसाहेबांशी बोलतो’ म्हणा आणि खरंच बोला. मदत मंडळीच्या खात्यातून, पावतीसह जाऊ द्या. रोजचा व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर चालतो. सिम पासपोर्टवर टीम लीडरच्या नावाने घ्या आणि रोज रात्री फोनमधले व्यवहाराचे संदेश वहीत उतरवा. नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंतच परकीय चलन नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डवर. डॉलरच्या जुन्या, फाटक्या, शाईचे डाग पडलेल्या नोटा तिथे नाकारतात. बँकेत घेतानाच एकेक नोट उलटसुलट करून बघा.

गडबड झालीच तर

पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यातून ‘ॲबस्ट्रॅक्ट’ (तक्रार नोंदवल्याचा दाखला) घ्या, मग नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात जा. पासपोर्टची छायाप्रत आणि चार फोटो वेगळ्या बॅगेत असतील तर काम लवकर होतं. मताटूत (तिथल्या खासगी मिनीबसमध्ये) खिडकीशी बसून फोन हातात धरू नका, रस्त्यावरून खेचून नेतात. बोडाबोडावर (मोटारसायकल टॅक्सीवर) बसण्याआधी तुमच्या प्रवास विम्यात मोटारसायकलचा अपघात धरलाय का ते वाचा. अनेक पॉलिसींत तो धरत नाहीत. दूरच्या गावी जाणार असाल तर रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्चही विम्यात हवा.

टीममधली भांडणं साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात. रोज उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी), कपडे हाताने धुणं, घरची आठवण, आणि ‘कामं मीच करतोय’ ही भावना. आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टीचा ठेवा, त्या दिवशी कुठलीही मंडळी नाही. स्वयंपाक आणि धुण्याच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. रोज रात्री प्रार्थनेआधी दहा मिनिटं प्रत्येकाने आज काय खटकलं ते सांगायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

परतल्यावर दोन कामं उरतात. ज्यांनी अर्पण दिलं त्यांना १५ दिवसांत जमाखर्च द्या. त्यात तिकीट किती, राहणं किती, मंडळीला दिलेलं किती हे वेगवेगळं लिहा, आणि उरलेल्या रकमेचं काय करायचं हे त्यांनाच विचारा. दुसरं काम तब्येतीचं. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत, काही वेळा त्यानंतरही, ताप आला तर ‘पावसाळ्यातला ताप असेल’ म्हणून पॅरासिटामॉल घेऊन थांबू नका. डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य ‘मी केनियाहून आलोय’ हे असू द्या आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.