लेमीवर समूह सापडत नव्हते, ते असं जमलं

वरुडकडे आमचं संत्र्याचं वावर. बागकामाच्या गप्पांसाठी लेमी या विषयवार समूहांच्या चर्चेच्या जाळ्यावर खातं काढलं, पण शोधलं की रिकामं पान. वाटलं, रेंज गेली असेल (इथे ती जातेच). पण कारण वेगळं होतं. लेमी म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर, ॲक्टिव्हिटीपब या सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायच्या सामायिक पद्धतीने जोडलेले. ही पद्धत २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. आपल्या सर्व्हरवरून एखादा बाहेरचा समूह कुणी कधी शोधलाच नसेल, तर तो यादीत येतच नाही.

मग लॉगिन करून शोधात पूर्ण पत्ता टाकला: आधी उद्गारचिन्ह, मग समूहाचं नाव, ॲट, शेवटी सर्व्हर. जरा थांबलो, समूह आला, सबस्क्राइब केलं. जुन्या कॉमेंट बहुतेक येत नाहीत, नव्या येतात. फीड 'लोकल'वर (म्हणजे फक्त आपल्याच सर्व्हरवर) असेल तर 'सबस्क्राइब्ड' करा, नाहीतर पुन्हा सामसूमच.