कॉम्प्युटरच्या केसचे (कॅबिनेटचे) पंखे बसवताना वाऱ्याची दिशा आधी तपासा

पंखा स्क्रूने घट्ट करण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहा. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि बहुधा स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उघड्या पात्यांच्या बाजूने ती आत ओढली जाते. खात्री नसेल तर पंखा चालू करून टिश्यू पेपरचा तुकडा जवळ धरा.

पुढचे आणि खालचे पंखे हवा आत घेणारे, मागचे आणि वरचे बाहेर टाकणारे ठेवा. तीनच पंखे असतील तर पुढे दोन, मागे एक ही मांडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, फक्त पुढची जाळी मात्र वेळच्या वेळी झटकायला हवी. वरच्या पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा पंखा शक्यतो टाळा. प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच थंड हवा तो पळवतो!

आणि केस भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा.