खाणीच्या जनसुनावणीला जाताय? पोच घ्या

गेल्या वेळी गावोगावच्या हरकतींचा गठ्ठा टेबलावर ठेवून आलो, पोच घेतली नाही. इतिवृत्तात बऱ्याच हरकती आल्याच नाहीत आणि त्या दिल्याचा कागद आमच्याकडे नव्हता. म्हणून आधी तेच. प्रत्येक हरकत दोन प्रतींत. दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही. ‘नंतर देतो’ म्हणाले तर तिथेच उभे राहा.

माणसं, गाड्या, बॅनर तुम्ही जमवालच. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (EIA) अधिसूचनेप्रमाणे हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळतात, ते खाणीच्या पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा वाचण्यात घालवा. जिल्हा परिषदेत, जिल्हाधिकारी कार्यालयात तो ठेवलेला असतो. मराठी सारांशावर थांबू नका, प्राण्यांची यादी मागे परिशिष्टात सापडते. नोंदी बहुधा एकाच ऋतूच्या, त्याही पावसाळा सोडून. मार्चमध्ये कोरडा दिसलेला नाला कागदावर बिनमहत्त्वाचा ठरतो, आणि वाघ त्याच नाल्याने ये-जा करतो. वाघाच्या पावलाच्या ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तारीख आणि गट नंबर लिहून हरकतीला जोडा. जोडलात? पोच.

‘खाण अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे’ हे ऐकवलं जाईलच. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत खाण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येही कायम ठेवलं. त्यापलीकडे भ्रमणमार्गाचा, म्हणजे दोन जंगलांमधल्या वाघांच्या वाटेचा मुद्दा तुम्हालाच मांडावा लागेल. ताडोबातले वाघ तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पापर्यंत जातात, ते हद्द बघून चालत नाहीत. वन्यजीव कायद्याचं कलम 38-ओ व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रालाही लागू आहे. हे कलम हरकतीत नावानिशी लिहा.

वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा ठराव हवा. निम्मी उपस्थिती, त्यात एक तृतीयांश बाया. नुसत्या सह्यांचा कागद चालत नाही, प्रोसिडिंग बुकात नोंद करा. ठरावाची प्रत देतानाही पोच!

आणि बहिष्कार अजिबात नको. सुनावणीला कोरम, म्हणजे किमान उपस्थिती, लागत नाही. तुम्ही गेला नाहीत तरी ती पार पडते.

त्या दिवशी गावातल्या बायांना आधी बोलू द्या. चित्रीकरण सरकारी असतं, आपलंही करा. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायलाच लागतं, तोवर कुणी उठायचं नाही. मग इतिवृत्ताची प्रत मागा. पर्यावरण मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादात अपील, 30 दिवसांत. वकील आधीच गाठून ठेवा. पोचांचे फोटो तिघांच्या तरी फोनमध्ये असू द्या.