कैलासपती लावण्याआधी अंतर मोजा

कैलासपती मूळचा दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतला. याची फुलं थेट खोडावर येतात, त्यामुळे भोवती उंच झुडपं लावून खोड झाकू नका; मग झाड लावून उपयोग काय? पायवाट, बाक, वाहनतळ यांपासून किमान 8 मीटर लांब खड्डा घ्या. फळ तोफगोळ्यासारखं, 20 सेंटिमीटर व्यासाचं, आणि पडून फुटलं की गराला घाण वास येतो. वाट जवळच असेल तर फळं लिंबाएवढी असतानाच काढा. मात्र खोडावरच्या लोंबत्या काटक्या वाळक्या समजून छाटू नका, बहर त्यांच्यावरच येतो. वर्षातून एखाददोनदा पानं एकदम झडतात. घाबरून पाणी वाढवू नका, थोड्याच दिवसांत पालवी फुटते.